धन, ऋण आणि शून्य : शेतकऱ्याच्या मुलांसाठीं गणिताचा एक पाठ

शेतीविषयक मासिकांत गणिताच्या पाठास जागा कां द्यावी, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. तिचें उत्तर असें कीं, शेतकऱ्याचें नुकसान जसें कीड, अवर्षण आणि पडता भाव यांनीं होतें, तसेंच तें हिशेबाच्या अज्ञानानेंही होतें. पहिल्या तिहींवर त्याची सत्ता फारशी चालत नाहीं. चौथ्यावर मात्र ती पूर्ण चालूं शकते.

सहाव्या इयत्तेंत मुलांस पूर्णांक संख्या शिकवितात. शून्याहून लहान अशा संख्येशीं त्यांची गांठ तेथें प्रथम पडते. पांच आंब्यांतून आठ आंबे काढतां येत नाहींत, असें आजवर सांगितलेलें असतें; आणि एके दिवशीं फळ्यावर ५ − ८ = −३ असें लिहिलें जातें. पुष्कळ मुलें तें पाठ करितात. समजून घेणारीं थोडीं. वस्तुतः शेतकऱ्याच्या घरांतील मुलास ही कल्पना आधींच ठाऊक असते. घरांत तिला देणें-येणें म्हणतात, विहिरीवर चढ-उतार म्हणतात, आणि बांधावर उंचवटा व खोलगट म्हणतात. शिक्षकानें व पालकानें या घरच्या ज्ञानापासून आरंभ करावा, एवढेंच या लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे.

१. नांवांतच अर्थ

धन म्हणजे पैसा आणि ऋण म्हणजे कर्ज. गणितांत हे शब्द उपमेनें आलेले नाहींत. आपल्या पूर्वजांनीं या संख्यांचा विचारच देण्या-घेण्याच्या भाषेंत केला. ब्रह्मगुप्तानें शके ५५०, म्हणजे इ. स. ६२८ मध्यें, ब्राह्मस्फुटसिद्धांत या ग्रंथांत धन, ऋण व शून्य यांची बेरीज, वजाबाकी व गुणाकार कसे करावे याचे नियम दिले. शके १०३६ (इ. स. १११४) मध्यें जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या बीजगणिताचा प्रारंभही याच नियमांनीं होतो. ऋणसंख्या ओळखूं यावी म्हणून तिच्या डोक्यावर टिंब देण्याची रीति त्यांनीं सांगितली आहे. चाळीसगांवजवळील पाटण येथें तेराव्या शतकाच्या आरंभींचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून मठ स्थापिला, असें त्यांत नमूद आहे. म्हणजे ज्या गणितास आज खानदेशांतील मूल भितें, त्याची शाळा आठशें वर्षांपूर्वीं त्याच्याच प्रांतांत भरत होती.

२. पहिला पाठ विहिरीवर

मुलांस विहिरीवर न्यावें व आंतील एक पायरी शून्य म्हणून ठरवावी. त्या पायरीच्या वर पाणी असेल तर धन, खालीं असेल तर ऋण. समजा, दिवाळींत पाणी पायरीच्या वर २ मीटर आहे. तें +२ लिहावें. मार्चअखेर तें पायरीखालीं ३ मीटर गेलें. तें −३ लिहावें. आतां पाणी किती उतरलें, असें विचारावें. अनेक मुलें तिनांतून दोन वजा करून १ असें उत्तर देतील. त्यांस रागावूं नये. दोर सोडून मोजावयास सांगावें. पाणी आधीं २ मीटर उतरून पायरीशीं आलें व मग ३ मीटर खालीं गेलें. एकूण उतार ५ मीटर. हेंच (−३) − (+२) = −५.

दुसरा प्रश्न : −३ मोठी कीं −६ मोठी? आंकड्याकडे पाहून मूल −६ म्हणेल. विहिरींत डोकावल्यावर तेंच मूल सांगेल कीं सहा मीटर खालीं गेलेलें पाणी अधिक खोल आहे, म्हणून −६ लहान.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. शेजाऱ्यानें त्याच विहिरीचें पाणी कठड्यापासून मोजलें, आणि कठडा पायरीच्या वर ८ मीटर आहे. त्याच्या वहींत दिवाळीचा आंकडा −६ व मार्चचा −११ येईल. दोघांच्या वह्या जुळत नाहींत. खोटें कोण बोलतो? कोणीच नाहीं. शून्य कोठें धरलें यावर आंकडा बदलतो, परंतु उतार दोन्ही वह्यांत −५ च राहतो. म्हणून कोणताही आंकडा वाचण्यापूर्वीं शून्य कोठें धरलें आहे, हें विचारण्याची संवय मुलास लावावी.

३. दुसरा पाठ खात्यावर

पुढील हकीकत आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याची आहे. एका कर्ज देणाऱ्या संस्थेचे त्याच्याकडे १२,००० रुपये येणें होते. हंगामाअखेर त्यानें ५,००० रुपये भरले व पावती घेतली. कांहीं दिवसांनीं उतारा पाहतो तों बाकी १७,००० ! भरलेली रक्कम जमेच्या बाजूस न पडतां नावेंच्या बाजूस पडली होती. तो कचेरींत गेला, पावती दाखविली. लेखनिकानें चूक कबूल करून ५,००० रुपये जमा दाखविले. बाकी १२,००० झाली. शेतकरी समाधानानें घरीं आला.

सहावींत शिकणाऱ्या त्याच्या मुलीनें वहींत एक आडवी रेघ ओढली, मध्यें शून्य मांडलें, आणि डावीकडे −१२,००० वर खूण केली. "बाबा, आपण पैसे भरण्यापूर्वींही बाकी बाराच हजार होती ना? मग भरलेले पैसे गेले कोठें?" तिनें दाखविलें कीं ५,००० भरल्यावर खुणेनें उजवीकडे सरकून −७,००० वर यावयास हवें होतें, तें न होतां ती डावीकडे −१७,००० वर गेली. चूक पांच हजारांची नव्हे, दहा हजारांची होती. लेखनिकाच्या दुरुस्तीनें खोटी नोंद तेवढी रद्द झाली. खरा भरणा खात्यावर आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशीं उरलेले ५,००० जमा झाले. तें न होतें, तर त्या रकमेवर व्याजही चढत राहिलें असतें.

यांतून निघणारा नियम प्रत्येक खातेदारानें लक्षांत ठेवावा : रक्कम उलट बाजूस पडली तर फरक त्या रकमेच्या दुप्पट असतो, आणि दुरुस्तीही दुप्पट करावी लागते. लेखनिकाचा हेतु वाईट होता असें आमचें म्हणणें नाहीं. चूक कोणाच्याही हातून होते. परंतु ती पकडण्याचें काम ज्याचें नुकसान होतें त्यासच करावें लागतें.

येथें आणखी एक गोष्ट मुलांस सांगावी. शेतकऱ्याच्या वहींत जें देणें, तें संस्थेच्या वहींत येणें असतें. रक्कम एकच, आपल्याकडे ती ऋण, तिच्याकडे धन. कोणाची वही वाचतों आहों, हेंही शून्य कोठें आहे या प्रश्नाइतकेंच महत्त्वाचें आहे.

४. तिसरा पाठ शेतांत

जमीन सपाट करतांना उंच भागाची माती काढून खोलगट भागांत भरतात. समजा, एका वाफ्याचे पांच सारखे चौकोन केले व एका ठरीव पातळीपासून त्यांची उंची ४२, ३५, २७, २२ व २४ सेंटिमीटर भरली. एकूण १५०, सरासरी ३०. आतां सरासरीस शून्य माना. चौकोनांचे आंकडे अनुक्रमें +१२, +५, −३, −८ व −६ होतील. धनाची बेरीज १७, ऋणाची बेरीजही १७. दोहोंची मिळून शून्य. म्हणजे जेवढी माती निघेल तेवढीच भरावयाची आहे. बेरीज शून्य न आली तर हिशेबांत चूक आहे असें समजावें. भरलेली माती पाणी पिऊन खालीं बसते, म्हणून अनुभवी माणूस भराव किंचित् चढता ठेवितो. परंतु तो विचार हिशेबानंतरचा.

५. ऋण वजा करणें म्हणजे काय

मुलें येथें अडखळतात. ५ − (−३) = ८ हें कसें? एका कुटुंबाजवळ १०,००० रुपयांचा माल आहे व ४,००० रुपये देणें आहे. त्याची खरी स्थिति +६,०००. कर्ज माफ झालें, म्हणजे ऋण काढून घेतलें : ६,००० − (−४,०००) = १०,०००. येथें चौकस मूल विचारील कीं, हातांत तर एकही रुपया आला नाहीं, मग वाढलें काय? हा प्रश्न उत्तम आहे. रोकड वाढली नाहीं, स्थिति सुधारली. कर्जमाफीच्या वेळीं मोठीं माणसें जो भेद विसरतात, तो मुलास गणिताच्या तासालाच कळावा.

दुसरें उदाहरण गोठ्यांतील घ्यावें. कृत्रिम रेतनासाठीं आणलेल्या गोठित रेतमात्रेच्या कांड्या द्रवरूप नत्राच्या पात्रांत −१९६ अंश सेल्सिअस तपमानांत ठेवितात, आणि वापरण्यापूर्वीं सुमारें ३७ अंशांच्या कोमट पाण्यांत अर्धा मिनिट धरितात. दोहोंमधील अंतर किती? −१९६ पासून शून्यापर्यंत १९६ अंश व शून्यापासून पुढें ३७, एकूण २३३. म्हणजेच ३७ − (−१९६) = २३३. गांवीं गाय भरवावयास डॉक्टर येतात तेव्हां मुलांनीं हें पात्र पाहिलेलें असतें. उदाहरण दूरचें वाटत नाहीं.

६. गुणाकार

ऋणानें ऋणास गुणिलें असतां धन येतें, हा नियम छडीनें शिकवूं नये. पुन्हां विहिरीकडे जावें व आजची पातळी शून्य धरावी. पुढचे दिवस धन, मागचे दिवस ऋण.

पावसाळ्यांत पाणी रोज ३ सेंटिमीटर चढतें. चार दिवसांनीं तें १२ सेंटिमीटर वर असेल : (+४) × (+३) = +१२. चार दिवसांपूर्वीं तें १२ सेंटिमीटर खालीं होतें : (−४) × (+३) = −१२.

उन्हाळ्यांत पाणी रोज ३ सेंटिमीटर उतरतें. चार दिवसांनीं तें १२ सेंटिमीटर खालीं जाईल : (+४) × (−३) = −१२. चार दिवसांपूर्वीं तें कोठें होतें? मूल क्षणभरही न थांबतां सांगेल कीं, आजच्यापेक्षां वर. (−४) × (−३) = +१२. नियम मुलाच्याच तोंडून निघाला.

७. शिक्षकांस दोन सूचना

पहिली : "दोन ऋण मिळून धन" असें मोघम वाक्य वर्गांत उच्चारूं नये. तें ऐकून मुलें (−५) + (−३) = +८ असें लिहूं लागतात. दोन ठिकाणीं कर्ज काढल्यानें कोणी सावकार होत नाहीं, हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावें लागत नाहीं. त्यास फक्त आठवण द्यावी लागते. उत्तर −८.

दुसरी : एकच आडवी रेघ वजा करण्याची आज्ञाही दाखविते व संख्या ऋण आहे हेंही दाखविते. मुलांचा गोंधळ बहुधा येथूनच होतो. आरंभींचे कांहीं दिवस भास्कराचार्यांप्रमाणें ऋणसंख्येच्या डोक्यावर टिंब द्यावें व रेघ केवळ वजाबाकीसाठीं ठेवावी. भेद मनांत ठसल्यावर चालू रीतीवर यावें.

अभ्यासासाठीं उदाहरणें

(१) पाणी पायरीखालीं ४ मीटर होतें. पावसानें ६ मीटर चढलें, उपशानें ३ मीटर उतरलें. आतां कोठें आहे?
(२) येणें ३,५०० रुपये, देणें ५,२०० रुपये. स्थिति काय?
(३) भरलेले १,८०० रुपये नावें पडले. खातें बरोबर होण्यास किती रक्कम जमा दाखवावी?
(४) लेह येथें हिवाळ्यांत पहाटे −९ अंश व दुपारीं +३ अंश तपमान आहे असें समजा. वाढ किती?
(५) पाणी रोज ५ सेंटिमीटर उतरतें. सहा दिवसांपूर्वीं तें आजच्या मानानें कोठें होतें?
(६) सरासरी शून्य धरून वाफ्याच्या चार चौकोनांचे आंकडे +९, −४, −७ व +५ आहेत. पांचव्याचा आंकडा काय असावा?

उत्तरें : (१) −१ मीटर, (२) −१,७०० रुपये, (३) ३,६०० रुपये, (४) १२ अंश, (५) +३० सेंटिमीटर, (६) −३.

हीं उदाहरणें सुटल्यावर पालकांनीं आपलें स्वतःचें खातेपुस्तक मुलापुढें ठेवावें व सर्व पावत्या त्याच्याकडून ताडून घ्याव्या. त्यांत कमीपणा मानूं नये. जें गणित वहींत राहतें त्याचे गुण मिळतात. जें घरच्या खात्यास लागूं पडतें त्यानें घर सावरतें.