दादाची खोकी

चि. निखिल यास,


काल वहिनीचा फोन आला. शनिवारी कोणी दुकानदार येऊन दादाची बेसबॉल कार्डांची चारही खोकी उक्ती घेऊन जाणार म्हणे. तेव्हापासून जिवाला चैन नाही. उक्ती देऊ नकोस रे.

दुकानदार आपला नफा ठेवूनच घेणार, त्यात गैर नाही. पण घरात काय आहे ते आपल्याला तरी ठाऊक हवं! १९८७ ते ९२ची बहुतेक कार्डं बेसुमार छापली गेली, त्यांना भाव नाही. ती खुशाल दे. पण बुटांच्या खोक्यात टॉप्स कंपनीचं १९६८चं नोलन रायनचं पहिलं कार्ड आहे, जेरी कूझमनसोबतचं. १९७१ची काळ्या कडांची आहेत. ती कड जरा घासली की आतला पांढरा पुठ्ठा दिसतो, म्हणून कोरी राहिलेली फार थोडी. भिंगाखाली चारही कोपरे बघ. पुसू नकोस, कडा कापून सरळ तर मुळीच करू नकोस. निवडक कार्डं पीएसए या कंपनीकडे पाठव, ते एक ते दहा अशी श्रेणी देतात. ईबेवर मागितलेली किंमत धरू नकोस, झालेली विक्री बघ. मिकी मँटलचं १९५२चं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं; तेच घडी पडलेलं असेल तर त्याच्या शंभराव्या हिश्शालाही जात नाही. एवढं न बघता शनिवारी देणार होतास?

१९७१ साली मी अमेरिकेत आले तेव्हा इंग्रजी बोलायला लाजायचे. दादा जमिनीवर कार्डं मांडून मागचे आकडे मला मोठ्याने वाचायला लावायचा. त्या डिसेंबरात मेट्स संघाने रायनला कॅलिफोर्नियाच्या एंजल्सना देऊन टाकलं, तेव्हा तो रात्री जेवला नाही. हातात काय आहे ते मेट्सनाही कळलं नव्हतं. ‘शेय स्टेडियमला सामना बघायला चल’ म्हणून तो किती मागे लागायचा, मी अभ्यास पुढे करायचे. एकदा तरी जायला हवं होतं.

फार बोलले. विकण्यात पाप नाही, तुझ्यासाठी दादानेही विकली असती. तो गेल्यापासून घर आवरणं तुझ्या एकट्यावर पडलंय, ते दिसतं मला. शनिवारी त्या माणसाला नको म्हणून कळव. मीच येते, दोघं बसून बघू. पैशांची नड असेल तर आधी मला सांग, संकोच करू नकोस. आणि वेळेवर जेवत जा, वहिनी म्हणाली वाळलायस.

तुझी,
आत्या