दोन दिवसांचा उशीर

अभ्यासपाठ
शास्त्रभाग: योहान ११:१-४४, २ राजे २०:१-७



लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. हा भाग मी अनेक सभांत शिकवला आहे: देवाची वेळ आपल्या वेळेहून वेगळी असते, धीर धरा. शिकवण खरी आहे. पण एका जानेवारीत मी ती चुकीच्या ठिकाणी लावली.

मांजरीजवळच्या एका वीटभट्टीवर कातकरी कुटुंबे कामाला आली होती. त्यांतल्या एका आजीला जुना दमा होता. मंगळवारी तिला खोकला आणि कणकण सुरू झाली. नातवाला आधीच ताप येऊन गेला होता. मी प्रार्थना केली, तापाची गोळी दिली आणि "दोन दिवस बघू" म्हणून परतले. गुरुवारी तिने जेवण सोडले, माणसे नीट ओळखेना. शुक्रवारी पहाटे धाप लागली. रुग्णालयात तपासणीत इन्फ्लुएंझा, म्हणजे फ्लू, निघाला. औषध आणि ऑक्सिजन दोन्ही मिळाले, पण रविवारी ती गेली. सुनेने एवढेच विचारले, "ताई, मंगळवारीच का नाय नेलं?" मार्थेनेही येशूला उशिराबद्दलच बोलून दाखवले होते. त्याच्याजवळ उत्तर होते, माझ्याजवळ नव्हते.

लवकर औषध मिळाले असते तर आजी वाचलीच असती, असे मी म्हणू शकत नाही. पण ती संधी तिला मिळायला हवी होती.

१. पहिले ४८ तास

फ्लूचा विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या असंख्य प्रती तयार करतो. त्या बाहेर सुटून पुढच्या पेशींत शिरतात. ऑसेल्टामिविर (टॅमिफ्लू) हे तोंडाने घ्यायचे औषध हे सुटणे अडवते. विषाणू सर्वांत जोरात वाढतो तो पहिल्या दोन-तीन दिवसांत. म्हणून लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास त्याचा उपयोग सर्वाधिक होतो. मात्र रुग्ण गंभीर असेल तर उशीर झाला तरी डॉक्टर ते देतात.

पुणेकरांना हे नाव २००९ मध्ये कळले. ३ ऑगस्टला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. नायडू रुग्णालयात तपासणीसाठी रांगा लागल्या. आज हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर साध्या मेडिकलमध्येही मिळू शकते.

२. कोणासाठी?

प्रत्येक सर्दीसाठी नव्हे. स्वाइन फ्लूसाठी सरकारने तीन गट ठरवले. 'अ' गटात साधा ताप-खोकला: विश्रांती घ्यावी, हे औषध लागत नाही. 'ब' गटात जास्त ताप आणि घशाचा तीव्र त्रास असलेले रुग्ण येतात. लक्षणे सौम्य असूनही ज्यांना धोका अधिक, तेही याच गटात: पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, ६५ वर्षांवरील माणसे, दमा, हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोग किंवा एचआयव्ही असलेले. या गटाला औषध द्यावे. 'क' गटात धाप, छातीत दुखणे, गुंगी, नखे निळी पडणे: ताबडतोब रुग्णालय. आमची आजी मंगळवारी 'ब' मध्ये होती, शुक्रवारी 'क' मध्ये.

थकलेल्या माणसाला अनेकदा मोठा ताप येतच नाही. जेवण सुटणे, सुस्ती, बडबड हीच खूण असते.

कोविडची औषधे वेगळी. तीही पहिल्या पाच दिवसांत सुरू करावी लागतात. त्यांतले निर्मात्रेल्विर-रिटोनाविर क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनबरोबर चालत नाही. वाड्यांवर क्षयरोगाचे उपचार घेणारे अनेक आहेत, म्हणून चालू गोळ्यांचे पाकीट डॉक्टरांना दाखवावेच. मूत्रपिंडाचा विकार असेल तर ऑसेल्टामिविरची मात्राही कमी करावी लागते. एकाची उरलेली गोळी दुसऱ्याला कधीही देऊ नये.

३. औषध म्हणजे अविश्वास नव्हे

हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली. देवाने ती ऐकली आणि त्याला बरे करण्याचे वचन दिले. तरीही यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलेच. प्रार्थना आणि लेप यांत तिथे भांडण नाही. येशू दोन दिवस थांबू शकला, कारण कबरेतून हाक मारून उठवण्याचा अधिकार त्याच्याजवळ होता. तो अधिकार आपल्याजवळ नाही. आपल्याजवळ आहे ते रिक्षाचे भाडे, एक फोन आणि सोबत जायला दोन पाय.

४. आपण काय करावे?

• वाडीतल्या, भट्टीवरच्या अशक्त आणि जुन्या आजाराच्या माणसांची यादी पावसाळ्यापूर्वी व हिवाळ्यापूर्वी करावी.
• त्यांच्यापैकी कोणाला खोकला-ताप आला तर तारीख आणि वेळ लिहून त्याच दिवशी आशाताईंना कळवावे, डॉक्टरांकडे न्यावे.
• डॉक्टरांना विचारावे: "हा फ्लू असेल का? विषाणूवरचे औषध द्यावे का?" सुई आणि सलाईनचा हट्ट धरू नये. प्रतिजैविके विषाणू मारत नाहीत.
• बुडालेल्या रोजासाठी आणि प्रवासासाठी मंडळीने थोडी रक्कम बाजूला ठेवावी. उशिराचे कारण बहुधा तेच असते.

चर्चेसाठी प्रश्न

१. "धीर धरा" हा उपदेश आपण कधी स्वतःची सोय म्हणून करतो का?
२. आपल्या परिसरातला सर्वांत अशक्त माणूस कोण? आज रात्री त्याला ताप आला तर आपल्याला कसे कळेल?

प्रार्थनेचे विषय

भट्टीवरची कुटुंबे, आशाताई आणि परिचारिका, आणि आजीची सून. आता ती शेजारच्या झोपडीत कोणी खोकले तरी मला फोन करते. मी त्याच दिवशी जाते.