भिंतीवरचा चौक आणि बाजारातले चित्र

खोडाळ्याहून विहिगाव-कसाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, मोखाडा तालुक्याच्या उंच पठारावर सूर्यमाळ हे गाव आहे. हवा थंड, पाऊस भरपूर, शेती उताराची. पावसाचे पाणी दऱ्यांतून निघून जाते आणि उन्हाळ्यात हंड्याभर पाण्यासाठी पायपीट होते. नाचणी, वरई, थोडे भात आणि खुरासणी एवढ्यावर वर्ष निघत नाही. म्हणून जव्हार-मोखाड्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी, वसई, ठाणे भागांतील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात व पावसाळा तोंडावर आला की परततात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी अशा जमातींचा हा मुलूख. १९४८ पर्यंत त्याचा मोठा भाग मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानात होता. पुढे तो ठाणे जिल्ह्यात आला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

हस्तकलांचा विचार करताना या भागाला गरीब म्हणता येणार नाही. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण यांपासून तारपा येथेच घडतो. जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. बोहाड्यात नाचवले जाणारे देवदैत्यांचे मुखवटे कागदाच्या लगद्याचे आणि लाकडाचे बनतात, आणि कोणते सोंग कोणत्या घराने घ्यावे याची परंपरा गावोगाव पाळली जाते. परंतु या जिल्ह्यातील ज्या कलेचा आज खऱ्या अर्थाने उद्योग झाला आहे, ती वारली चित्रकला होय. साड्या, कप, पोस्टकार्डे, रेल्वे स्थानकांच्या भिंती, मोठ्या हॉटेलांची दालने असा तिचा संचार आहे. हा बदल एका माणसाच्या हयातीत झाला, आणि त्या माणसाची कारकीर्द जवळपास पाच दशकांची होती. ती तपासून पाहिली तर कलाव्यवसायात काय साधले आणि काय हातचे गेले, हे स्पष्ट होते.

चौक कोण लिहिते

आधी मूळ परंपरेकडे पाहिले पाहिजे. वारल्यांचे घर कुडाचे असते. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचा लेप देतात. लग्नप्रसंगी आतल्या भिंतीला गेरूने सारवण घालून त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने लग्नचौक उमटवतात. कुंचला म्हणजे टोक चेचून मऊ केलेली बांबूची काडी. चौक ‘लिहिणे’ असाही शब्दप्रयोग या भागात ऐकू येतो, आणि तो अर्थपूर्ण आहे. चौकाच्या मधोमध पालघट ही सर्जनाची देवता असते. तिच्याभोवती नक्षीच्या चौकटी एकात एक बसवलेल्या असतात. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या असतो. बाहेर झाडे, पक्षी, वाघ, नाचणारी माणसे, शिड्या, बाशिंगे.

हा चौक लिहिण्याचा मान सवासिनींचा. धवलेरी लग्नाची गाणी गाते. ती विधीची पुरोहित असते आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न पुरे होत नाही. म्हणजे चित्र आणि गाणे ही दोन्ही कामे स्त्रियांची होती आणि दोन्हींना लग्नाचा मुहूर्त होता. विकण्याचा प्रश्नच नव्हता. लग्न झाले, पाऊस आला, भिंत पुन्हा सारवली की चित्र गेले. उरत असे ते बाईच्या हातात आणि मनात.

या लग्नाला दुसरीही बाजू होती. स्वातंत्र्यपूर्व काळात तलासरी, डहाणू, उंबरगाव भागांत लग्नगड्याची पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्या रकमेपायी नवरदेव आणि पुष्कळदा त्याची बायकोसुद्धा जमीनदाराच्या घरी वेठीला राहत. याच वेठीविरुद्ध १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. पैशाअभावी लग्नविधी वर्षानुवर्षे लांबणीवर टाकणारी, मुले झाल्यावर मग विधी करणारी जोडपी या समाजात कमी नव्हती. भिंतीवरचा शुभ्र चौक पाहताना त्यामागचे हे कर्जही ध्यानात ठेवावे लागते. कलेला विधीचा आधार होता, तसा त्या विधीला अर्थकारणाचा काच होता.

एक कारकीर्द

जिव्या सोमा मशे यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातील धामणगावचा. बालपणीच आई गेली. त्या धक्क्याने हा मुलगा काही वर्षे बोलेनासा झाला आणि मातीत बोटाने आकृत्या काढून आपले म्हणणे सांगू लागला, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. पुढे ते डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कलंबीपाड्यात स्थायिक झाले. शेतमजुरी आणि चित्रे, असा त्यांचा क्रम राहिला. पुरुषाने काडी हाती घेणे रूढ नसतानाही ते चित्रे काढीत, आणि लग्नाची वाट न पाहता काढीत.

१९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. बिहारमध्ये १९६६-६७ च्या दुष्काळाच्या वेळी पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने मिथिलेच्या स्त्रियांना भिंतीवरून कागदावर आणण्याचे काम त्यांनी केले होते. तसाच प्रयत्न येथे झाला. सवासिनींनी कागद हाती घेण्यास फारसा उत्साह दाखवला नाही. त्यांच्या दृष्टीने लग्नाविना चौकाला अर्थ नव्हता, आणि ही भूमिका समजण्यासारखी आहे. जिव्या मशे यांनी मात्र कागद घेतला. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे मांडली गेली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

येथून पुढे कारकीर्दीचा वेग वाढतो. १९८९ साली पॅरिस येथील जगप्रसिद्ध प्रदर्शनात त्यांचे काम होते. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासमवेत त्यांचे प्रदर्शन झाले. २००२ साली शिल्पगुरू, २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. या सर्व काळात त्यांनी गंजाड सोडले नाही. सदाशिव आणि बाळू या पुत्रांनीही हीच वाट धरली.

चित्रात काय बदलले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. भिंतीऐवजी कागद आणि कापड आले. तांदळाच्या पिठात डिंक मिसळावा लागला, कारण कोरडे झालेले पीठ कागदावरून झडते. पुढे तयार पांढरा रंग आणि बाजारचा कुंचला आला. कापडाला शेणाचा किंवा गेरूचा लेप देऊन भिंतीचा पोत राखण्यात आला. मांडणीतही फरक पडला. चौकाची बांधलेली चौकट सुटली, आणि कोळ्याचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, तारप्याभोवतीचा वळणदार नाच, धान्यदेवता कंसरीची कथा असे विषय पूर्ण पटभर पसरले. मशे यांचे जाळ्याचे चित्र प्रसिद्ध आहे. शेकडो बारीक रेघांनी बनलेले ते जाळे हलते आहे असा भास होतो. दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि चार रेघा एवढ्या सामग्रीतून चालणारा, वाकलेला, थकलेला, नाचणारा माणूस उभा राहतो. हा हात शिकवून येत नाही असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात तो वर्षानुवर्षे भिंती पाहून, शेतात राबून आणि रोज चित्र काढून आला.

मिळकतीचा लाभ निर्विवाद होता. ज्या तालुक्यांतील माणसे मजुरीसाठी गाव सोडतात, तेथे घरी बसून चार पैसे मिळवण्याचे साधन निर्माण झाले. अनेक तरुण पुरुष चित्रकार झाले, त्यांच्या कार्यशाळा शहरांत भरू लागल्या. पण ज्या स्त्रियांच्या हाती ही कला होती, त्यांची नावे बाजारात फारशी पोचली नाहीत. कागदाचे चित्र विकणारा बहुधा पुरुष, भिंतीवर चौक लिहिणारी बहुधा बाई. एकाच्या चित्राखाली सही असते. दुसरीच्या चित्राला सहीची गरजच कधी पडली नव्हती, आणि गरज पडली तेव्हा तिला कोणी सांगितले नाही. या कलेविषयी आजवर झालेल्या कौतुकात ही गोष्ट पुरेशी ठळकपणे आलेली नाही.

नावाचे आणि नक्षीचे रक्षण

बाजार वाढला तशी नक्कलही वाढली. त्रिकोणांची माणसे छापलेले कापड गिरणीत तयार होते आणि ‘वारली’ या नावाने विकले जाते. त्यातला एकही पैसा डहाणू-जव्हारकडे येत नाही. यावरील एक उपाय म्हणून वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी अर्ज केला होता. १९९९ च्या ज्या कायद्याने ही सोय झाली, तो २००३ पासून अंमलात आहे.

या नोंदणीचा अर्थ ग्रामपंचायत सदस्यांनी नीट समजून घ्यावा असा आहे, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. निर्देशांक नावाचे आणि उगमाचे रक्षण करतो. जेथे ही कला पारंपरिक नाही तेथे बनलेला माल त्या नावाने विकता येऊ नये, हा हेतू. पण त्याचा लाभ घेण्यासाठी प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. नुसते वारली असणे पुरेसे होत नाही. शिवाय ही नोंदणी दहा वर्षांची असते आणि मुदतीनंतर नूतनीकरण लागते. ज्यांच्यासाठी हा कायदा आहे, त्यांच्या दारी त्याची माहिती नेण्याचे काम ग्रामसभेसारख्या जागी करणे सहज शक्य आहे. जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि १९९६ च्या पेसा कायद्यान्वये समाजाच्या परंपरा व सांस्कृतिक ओळख यांचे जतन करणे हे ग्रामसभेच्या कक्षेतले काम आहे.

दुसरी गोष्ट प्रत्येक चित्राच्या मालकीची. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याप्रमाणे स्वतःच्या कल्पनेने काढलेल्या चित्राचा हक्क चित्रकाराकडे, हयातभर आणि निधनानंतर ६० वर्षे, राहतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. चित्र विकले म्हणजे ते साडीवर छापण्याचा हक्क विकला असे होत नाही, तो लेखी दिला तरच जातो. प्रसंगी अंगठा उठवून घेतलेल्या कागदात हा हक्क गेलेला असतो. म्हणून कागदावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवणारा शिक्षक किंवा ग्रामसेवक जवळ असणे हीच मोठी मदत ठरते. पारंपरिक चौकाच्या नक्षीवर मात्र कोणा एकाचा हक्क सांगता येत नाही, ती समाजाची आहे, आणि तिच्यासाठी निर्देशांकाखेरीज दुसरे कवच आज हाती नाही.

शाळेत काय शिकवावे

आश्रमशाळांतून आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून वारली चित्रे काढून घेतली जातात, स्पर्धाही होतात. हे चांगलेच आहे. पण बहुतेक ठिकाणी छापील नमुना समोर ठेवून त्रिकोण जोडण्यापलीकडे शिकवणी जात नाही. मोखाड्यातील मुलाला बाजारातल्या साडीवरचा वारली शिकवणे विचित्र आहे, कारण त्याच्या आजीच्या भिंतीवर खरा चौक होऊन गेलेला असतो. पालघट चौकात मधोमध का, पंचशिऱ्या वेगळ्या चौकात का, धवलेरी कोणत्या क्षणी कोणते गाणे गाते, हे सांगणाऱ्या बाया पाड्यांवर आहेत, पण त्यांची वये झाली आहेत. भिंतीही बदलत आहेत. घरकुल योजनांतून विटा-सिमेंटची पक्की घरे उभी राहिली. ती हवीच होती, कुडाच्या घरात पावसाळा काढणे किती कष्टाचे आहे हे तेथे राहणाराच जाणतो. मात्र सिमेंटच्या गिलाव्यावर गेरू-शेणाचे सारवण नीट धरत नाही, आणि चौक भिंतीवरून कागदाच्या तुकड्यावर किंवा छापील चित्रावर येऊ लागतो.

स्थलांतराचाही येथे संबंध आहे. वीटभट्टीवर गेलेली मुलगी वर्षाचा मोठा भाग पाड्याबाहेर असते. लग्ने बहुधा उन्हाळ्यात, माणसे परतल्यावर होतात, आणि चौक लिहिताना जवळ बसून शिकण्याची संधी तेवढ्याच दिवसांत येते. आश्रमशाळेची सुटीही त्याच सुमारास असते. त्या सुटीत पाड्यावरच्या लग्नाला गेलेल्या विद्यार्थिनींनी चौक पाहून यावा, लिहिणाऱ्या सवासिनींची नावे वहीत टिपावीत आणि शाळा उघडल्यावर तो चौक वर्गाच्या भिंतीवर त्याच बायांपैकी एखादीला बोलावून, तिला दिवसाची मजुरी देऊन लिहवून घ्यावा, एवढे करण्यास नवीन योजना लागत नाही. मजुरी दिली पाहिजे, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण अशा प्रसंगी बायांना चहा देऊन परत पाठवण्याची चाल आहे. आणि भिंतीच्या कोपऱ्यात तिचे नाव, पाड्याचे नाव व वर्ष लिहिले गेले पाहिजे.