देशपरीक्षा : जपानमधील ओझे पाणथळीच्या निमित्ताने

औषधिसंग्रहापूर्वी भूमीची परीक्षा करावी, हे संहितांचे सांगणे विद्यार्थिदशेत आपण सर्वांनीच पाठ केलेले असते. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील जांगल, आनूप व साधारण हे देशाचे तीन भेद, त्यांतील वृक्ष, तेथील प्रधान दोष, सारे परीक्षेपुरते जिभेवर असते. प्रत्यक्ष भूमीवर उभे राहून ‘हा कोणता देश?’ असे स्वतःस विचारण्याची वेळ मात्र क्वचितच येते. आली, तर पाणी दिसले की आनूप आणि उघडा खडक दिसला की जांगल, असा निर्णय देऊन आपण मोकळे होतो. हा निर्णय किती अपुरा ठरू शकतो, हे स्पष्ट करणारे एक स्थळ प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतले आहे.

जपानच्या होन्शू बेटावर, फुकुशिमा, गुन्मा व निइगाता या प्रांतांच्या सीमेवर ओझे नावाचा पर्वतीय पाणथळ प्रदेश आहे. (नाव मराठी कानाला गमतीचे वाटते खरे, आणि योगायोग असा की तेथील डोंगरी विश्रामगृहांना लागणारे सामान आजही हमाल पाठीवर ७०-८० किलोंचे ओझे घेऊन पोहोचवतात.) २००५ साली या प्रदेशास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आणि २००७ साली ते स्वतंत्र राष्ट्रीय उद्यान झाले. त्यातील ओझेगाहारा हे मुख्य पाणथळ मैदान सुमारे १४०० मीटर उंचीवर, ६ किलोमीटर लांब व २ किलोमीटर रुंद आहे. एका टोकास शिबुत्सु व दुसऱ्या टोकास हिउची हे दोन पर्वत, आणि मधून जाणारी लाकडी फळ्यांची पायवाट. या संपूर्ण परिसरातील अशा पायवाटांची लांबी ६० किलोमीटरहून अधिक आहे. जून महिन्यात या वाटेने चालण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला.

पायाखाली सर्वत्र पाणी. तेव्हा प्रथमदर्शनी हा आनूप देशच. परंतु वाटेच्या कडेच्या वनस्पती न्याहाळल्या की शंका उत्पन्न होते. मैदानाच्या उंचवटलेल्या भागात स्फॅग्नम शेवाळाच्या गाद्यांवर वाढणारी क्षुपे वीतभरही उंच नाहीत. त्यांची पाने चिवट, अरुंद, कडा आत वळलेली. पाण्यात उभी असूनही ती रुक्ष प्रदेशातील वनस्पतींप्रमाणे काटकसरीने जगतात. असे का व्हावे?

कारण जमिनीत आहे. येथे वर्षातील बराच काळ बर्फ असते. थंडी, आम्लता आणि प्राणवायूचा अभाव यांमुळे मृत वनस्पती कुजून मातीत मिसळत नाहीत. त्या अर्धवट अवस्थेत थरावर थर साचत राहतात. यालाच पीट म्हणतात. हा थर वर्षाला एक मिलिमीटरहूनही कमी वाढतो आणि ओझेगाहारा येथे त्याची जाडी चार-साडेचार मीटरच्या आसपास आहे. वैद्याच्या भाषेत बोलायचे तर ही मंदाग्नीची भूमी आहे. आहार भरपूर, पाचन नाही. म्हणून साम संचय होतो आणि धातूंचे पोषण मात्र होत नाही. (उपमा आहे, अधिक ताणू नये.) थर उंचावल्यावर मुळांना खालच्या खनिज मातीचा स्पर्शच उरत नाही, केवळ पावसाचे व बर्फाचे पाणी मिळते. नत्राची ही उणीव ड्रोसेरा कीटक पकडून भरून काढते. तिच्या दोन जाती वाटेवरून वाकून पाहिल्या तरी दिसतात.

याउलट ओढ्याच्या काठी, जेथे वाहते पाणी डोंगरातील खनिजे घेऊन येते, तेथे दृश्य एकदम पालटते. मिझुबाशो ही तेथील प्रसिद्ध वनस्पती याच भागात वाढते. जे पांढरे फूल म्हणून छायाचित्रांत दिसते ते वस्तुतः आवरणपत्र होय. खरी फुले मधल्या दांड्यावर दाटीने असतात. फुलोरा ओसरल्यावर तिची पाने केळीच्या पानांची आठवण व्हावी इतकी मोठी होतात. स्निग्ध, मृदू, विशाल पर्णांची ही खरी आनूप वनस्पती. सूरण व अळू यांच्याच कुलातील असल्याने तिच्यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि कंद विषारी मानला जातो. म्हणजे एकाच पाणथळीत, शे-पन्नास पावलांच्या अंतरात, दोन भिन्न देश नांदतात. पाणी दोहोंकडे आहे. भेद कळतो तो पानांवरून.

द्रव्यगुणाच्या दृष्टीने आणखी दोन वनस्पतींचा उल्लेख आवश्यक वाटतो. मेनिअँथेस ही तीन दलांच्या पानांची, अत्यंत तिक्त रसाची वनस्पती युरोपात व जपानमध्येही अग्निदीपनार्थ वापरली गेली आहे. आपल्याकडील कुमुदिनी तिच्याच कुलातील. दुसरी व्हेराट्रम. हिच्या युरोपातील एका जातीचे मूळ पूर्वी वामक म्हणून देत. आता ते त्याज्य आहे, कारण वमनाबरोबर नाडी मंदावते व रक्तदाब घसरतो. जपानमध्ये वसंतात रानभाजी गोळा करणारे लोक होस्टा या खाद्य वनस्पतीऐवजी चुकून व्हेराट्रमचे कोंब घेतात आणि विषबाधा होते. होस्टाच्या पानास स्पष्ट देठ व मध्यशीर असते. व्हेराट्रमचे पान देठाविना खोडास वेढते, त्याच्या शिरा समांतर असून पृष्ठ चुणीदार दिसते. संदिग्ध द्रव्यांविषयी आपण तात्त्विक वाद पुष्कळ घालतो. येथे देठ पाहिला की नाही यावर जीव अवलंबून आहे.

आता पायवाटेविषयी. १९४९ साली जपानी नभोवाणीवरील एका गीतामुळे ओझे घरोघरी पोहोचले व गर्दी लोटली. आयामेदाइरा या उंचावरील पाणथळीचे लोकांच्या पायांखाली तुडवले जाऊन उघड्या चिखलात रूपांतर झाले. १९६०च्या दशकात सुरू झालेले तिच्या पुनरुज्जीवनाचे काम अनेक दशके चालले. पीटच्या वाढीची गती लक्षात घेता यात नवल नाही. आज फळ्यांखाली पाऊल टाकायचे नाही, काहीही तोडायचे नाही, आणि प्रवेशद्वारापाशी चटईवर बूट पुसून बाहेरचे बीज तेथेच ठेवायचे, असा दंडक आहे.

ड्रोसेरा आपल्याकडे दवबिंदू या नावाने कास पठारावर आढळते, तीही पोषणहीन भूमीमुळेच. जांभ्याच्या खडकावरील मातीचा थर तेथे अगदी पातळ असतो. (युरोपात ड्रोसेरा कास रोगावर देत, हा केवळ नामसाम्याचा विनोद.) २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तरीही वनौषधी सहलीस गेलेली साठ विद्यार्थ्यांची तुकडी प्रत्येकी एक रोप मुळासकट उपटून हर्बेरियमच्या वहीत चिकटवते, हे दृश्य अन्य ठिकाणी अनेकदा पाहिले आहे. त्या वहीसाठी गुण मिळतात. तिच्यातून देशपरीक्षा शिकली जाते, असे वाटत नाही.

माझी सूचना अशी. नमुना एकच, तोही वनविभागाच्या अनुमतीने, शिक्षकांनी घ्यावा. विद्यार्थ्यांनी सप्टेंबरमध्ये कासला गेल्यास वाटेवरूनच दोन जागा निवडाव्यात : कुमुदिनी तळ्याचा काठ आणि ओलसर खडकाचा उघडा भाग. दोन्हीकडील प्रत्येकी पाच वनस्पतींच्या पानांची रुंदी, जाडी, देठ व लव नोंदवून चित्र काढावे, आणि मगच देशाचे नाव लिहावे.