डेस्कटॉप रिकामा दिसला म्हणून घाबरू नकोस गं

अगं, आधी त्या माऊसवरचा हात काढ. साहेबांचा डेस्कटॉप रिकामा, डॉक्युमेंट्स उघडत नाहीत, आणि मागे माणसं "काय झालं, काय झालं" करत उभी. कळतंय मला. पण खरं सांगू का, अशा वेळी फायली बहुधा गेलेल्या नसतात. त्या सर्व्हरवर होत्या तिथेच असतात, फक्त या संगणकाला त्या सापडत नसतात. खरं नुकसान होतं ते नंतर, घाईघाईत कुणीतरी प्रोफाइल डिलीट करतं तेव्हा. म्हणून आज काहीही डिलीट करायचं नाही. "तात्पुरत्या प्रोफाइलने लॉगिन झालंय" असा संदेश पडद्यावर आला असेल तर साहेबांना स्पष्ट सांग की आत्ता डेस्कटॉपवर काही सेव्ह करू नका. लॉग आउट केलं की ते पुसलं जाईल.

आता बघ, फायली सर्व्हरवर राहतात त्या फोल्डर रिडायरेक्शनमुळे. ते म्हणजे काय? डबा स्वयंपाकघरात, धान्य मात्र माजघरातल्या कणगीत, एवढंच. पडद्यावर दिसणारा डेस्कटॉप हा डबा. फायली सर्व्हरवरच्या कणगीत. कुणाच्या कुठल्या फोल्डरचा माल कुठे ठेवायचा हे ग्रुप पॉलिसी ठरवते. विंडोज २००० पासून ही सोय आहे. म्हणजे तुला आज जे दिसतंय ते जगात पहिल्यांदा घडत नाहीये, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत.

एकच प्रश्न आधी विचार: हे सगळ्यांना होतंय, एकाच संगणकावर होतंय, की एकाच माणसाला? त्या माणसाला शेजारच्या संगणकावर लॉगिन करायला लाव. तिथे फायली दिसल्या तर दुखणं पहिल्या यंत्रात. तिथेही नसतील आणि बाकीच्यांच्या दिसत असतील, तर त्या माणसाच्या परवानग्यांत किंवा पॉलिसीत. सगळ्यांच्याच गायब असतील तर सर्व्हर, स्विच नाहीतर वीज. हे कळलं की अर्धं डोकं शांत होतं.

एकाच यंत्राचं असेल तर "इंटरनेट चालतंय की" या वाक्यावर विश्वास ठेवू नकोस. आपल्या घोडेगावात पावसाळ्यात वीज जाते-येते, राउटर बिघडतो, लाइनवाला मुलगा येऊन नवा बसवतो आणि जाताना डीएनएसच्या जागी गूगलचा ८.८.८.८ टाकून जातो. त्याचं काम झालं, यूट्यूब लागलं. पण आपला सर्व्हर कुठे आहे हे गूगलला कसं माहीत असणार? ते फक्त ऑफिसातल्या डोमेन कंट्रोलरला, म्हणजे सगळ्यांची लॉगिनं सांभाळणाऱ्या सर्व्हरलाच ठाऊक. म्हणून सर्व्हरला आकड्यांच्या पत्त्याने पिंग कर आणि मग नावाने कर. आकड्याने उत्तर आलं, नावाने नाही, तर चोर सापडला. संगणकाच्या डीएनएसमध्ये डोमेन कंट्रोलरचा पत्ता हवा, बाहेरचा एकही नको, दुसऱ्या क्रमांकावरसुद्धा नको.

तसंच घड्याळ. संगणक आणि सर्व्हर यांच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की ओळख पटवणारी कर्बेरॉस ही यंत्रणा अडून बसते. जुन्या यंत्रात मदरबोर्डवरचा तो नाण्याएवढा सेल संपलेला असतो. वीज गेली की घड्याळ मागे, तारीखसुद्धा मागे. सीआर २०३२ असा सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. चारदोन जास्तीचे ड्रॉवरमध्ये ठेवून दे.

एकाच माणसाचं दुखणं असेल तर मात्र जरा जपून. तू सर्व्हरवर जाऊन त्याचं फोल्डर उघडायला जाशील आणि तुलाच "परवानगी नाही" येईल. बावरू नकोस, ते तसंच असायला हवं. पॉलिसीत "ग्रँट द यूजर एक्स्क्लुझिव्ह राइट्स" ही खूण आधीपासूनच केलेली असते, म्हणून फोल्डरचा मालक तो एकटा. इथे पुष्कळजण मालकी स्वतःकडे घेऊन मोकळे होतात. फायली दिसतात, जीव भांड्यात पडतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं रिडायरेक्शन मोडतं, कारण फोल्डर आपल्या मालकीचं नाही म्हणून विंडोज ते वळवायला तयार होत नाही. मालकी बदललेली असेल तर ती त्याच माणसाच्या नावावर परत कर, आतल्या सगळ्या फोल्डरांसकट. इव्हेंट व्ह्यूअरच्या अॅप्लिकेशन नोंदींत फोल्डर रिडायरेक्शनची ५०२ क्रमांकाची नोंद शोध. नेमकं काय अडलं, कुठल्या पत्त्यावर अडलं, ते तिथे लिहिलेलं असतं. लाल खूण बघून ती खिडकी बंद करायची नाही गं, तीच तर आपल्या बाजूने बोलणारी साक्षीदार.

मालकी ठीक आहे? मग पॉलिसी त्याच्यापर्यंत पोचते का ते बघ. त्याच्याच लॉगिनमधून कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून जीपीरिझल्ट स्लॅश आर चालव. लागू झालेल्या पॉलिसींची यादी येईल, आणि खाली नाकारलेल्यांची, कारणासह. रिडायरेक्शन हे माणसाच्या बाजूचं सेटिंग आहे. ते संगणकांच्या गटाला जोडून ठेवलं तर सरळ लागू होत नाही. माणसं ज्या गटात आहेत तिथे जोडावं लागतं. अजून एक जुनी खोच सांगते. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस१६-०७२ हा सुरक्षा अपडेट आणला, तेव्हापासून माणसाची पॉलिसीसुद्धा संगणकाच्या ओळखीने वाचली जाते. कुणी पॉलिसीच्या परवानग्यांतून "ऑथेंटिकेटेड यूजर्स" काढून टाकलं असेल तर ती गुपचूप लागू होईनाशी होते. वाचण्यापुरती परवानगी परत दे, लागते की नाही बघ.

आणि जीपीअपडेट स्लॅश फोर्स करून लगेच निकालाची वाट बघत बसू नकोस. फोल्डर वळतात ते फक्त लॉगिनच्या वेळी. त्यातही विंडोज घाईचं आहे, नेटवर्क तयार व्हायच्या आधीच माणसाला आत घेतं. म्हणून कधीकधी दोनदा लॉगिन करावं लागतं. "ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क" हे सेटिंग चालू करून ठेव. सकाळी यंत्र जरा सावकाश सुरू होईल, साहेब कुरकुरतील, कुरकुरू देत.

संगणकांचा नवा लॉट आला असेल तर विंडोजची आवृत्ती बघूनच सही कर. होम आवृत्तीचा संगणक डोमेनमध्ये घेताच येत नाही, त्याला प्रो लागते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ऑफलाइन फाइल्सची. वळवलेल्या फोल्डरांची प्रत विंडोज आपणहून संगणकातही ठेवतं. लाइन तुटली तरी काम चालू राहतं, ही चांगली गोष्ट. पण सर्व्हर बंद आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, सगळे आपापल्या प्रतीत लिहीत राहतात. मग जोडणी परत आली की एकाच तक्त्याच्या दोन आवृत्त्या समोर उभ्या. सिंक सेंटर "कुठली ठेवू" विचारतं, तेव्हा अंदाजाने बोट दाबू नकोस. दोन्ही प्रती वेगळ्या नावाने बाजूला काढ आणि ज्याचं काम आहे त्यालाच निवडू दे. चुकीची प्रत ठेवली तर कुणाची तरी नोंद जाते. डोंगरातल्या आहुप्याकडून एसटीने दिवस मोडून आलेल्या बाईला "तुमची नोंद सापडत नाही, उद्या या" असं सांगणं आपल्याला एक वाक्य असतं. तिला ती परत एक खेप असते, बुडालेल्या मजुरीसकट. तहसील, पंचायत समिती, आदिवासी विकास प्रकल्प, सगळं इथे घोडेगावात आहे म्हणूनच डोंगरातली माणसं इथे येतात. तुझं काम तांत्रिक म्हणून कुणी हलकं समजेल, तू समजू नकोस.

माझं मत विचारशील तर फक्त डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सर्व्हरवर ने. अॅपडेटा आणि डाउनलोड्स संगणकातच राहू देत, त्यांनी लॉगिन रेंगाळतं आणि प्रोग्रॅम रुसतात. सर्व्हर याच इमारतीत हवा; पुण्याच्या ऑफिसातल्या सर्व्हरवरून रोजची कागदपत्रं ओढायला आपल्याकडची लाइन भरवशाची नाही. आणि चारपाचच संगणक असतील तर हा सगळा संसार मांडूच नये, एक सामायिक फोल्डर पुरतं.

रिडायरेक्शन म्हणजे बॅकअप नव्हे, हे मात्र साहेबांच्या गळी उतरव. सर्व्हरवर फाइल पुसली की ती सगळीकडून पुसली. २१ जून २०१२ ला मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली, वरच्या मजल्यांवर पसरली आणि कितीतरी फायली जळाल्या. सगळं एकाच जागी ठेवलं की कागद काय, हार्डडिस्क काय, गत एकच. म्हणून सर्व्हरची रोजची प्रत बाहेरच्या डिस्कवर जायला हवी, ती डिस्क दुसऱ्या इमारतीत राहायला हवी, आणि सर्व्हरला चांगला यूपीएस हवा. या तीन गोष्टी तोंडी मागू नकोस, कुणाच्या लक्षात राहत नाहीत. लेखी अर्ज दे आणि पोच घे. मसुदा आज रात्री लिहून पाठव मला, मी वाचून देते.