बाहेरचं बाहेर, घरचं घरी

बाहेर खाण्याचा मला जितका नाद, तितकाच घरी रांधण्याचा. एखादा पदार्थ हॉटेलात आवडला की तो घरी करून बघायचा आणि नाही जमला तर पुन्हा तिथंच जाऊन नीट खायचा, असं वर्षानुवर्षं चालू आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. काही चवी भटारखान्याच्या असतात आणि काही घरच्या शेगडीच्या, आणि त्या तशा का, हे कळलं की दोन्हीकडचं जेवण जास्त गोड लागतं.

१. मिसळ बाहेर खावी, उसळ घरी.

कोल्हापूरची झणझणीत मिसळ घ्या, पोहे-बटाट्याची पुणेरी घ्या, नाहीतर पापड-दह्यासोबत येणारी नाशिकची. दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीचं तर २०१५ साली लंडनमध्ये जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून कौतुक झालं. या सगळ्यांचा जीव कटात असतो. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. म्हणून कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, तिखट त्या तेलात घालायचं आणि मग रस्सा मंद आचेवर मुरू द्यायचा. तेव्हा कुठे वर तर्री येते. शंभर माणसांच्या पातेल्यात हे सहज होतं. घरी चार माणसांसाठी आपण पळीभर तेल घेतो. तेवढ्यात तर्री येत नाही, आणि येईल इतकं तेल ओतायला हात धजत नाही. धजूही नये.

त्यापेक्षा घरी मोड आलेल्या मटकीची उसळ करावी. फोडणीत कढीपत्ता चुरचुरला की मटकी टाकायची, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची. दाणा बोटांत दाबला तर दबला पाहिजे, पण फुटता कामा नये. मग आमसूल, गूळ, गोडा मसाला आणि उतरवताना ओलं खोबरं. अशी अख्ख्या दाण्याची, गरम उसळ हॉटेलात मिळत नाही, कारण तिथली मटकी सकाळीच ढिगानं उकडून ठेवलेली असते.

२. फळ्यावर पदार्थ जितके कमी, तितका माझा विश्वास जास्त.

ज्या खानावळीत दुपारी दोनला ‘मटण संपलं’ असं सांगतात, तिथं मी दुसऱ्या दिवशी लवकर जातो. जिथं पंजाबी, चायनीज आणि मालवणी सगळं रात्री अकरापर्यंत मिळतं, तिथं फ्रीज मोठा असणार हे ओळखावं.

३. मासे खाताना महिना बघावा.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांचा विणीचा काळ तो, समुद्रही खवळलेला असतो. त्या दोन महिन्यांत कुणी ‘आजची ताजी सुरमई’ म्हणालं तर ती बर्फातली आहे हे धरून चालावं. हे दिवस सुक्या मासळीचे. सोड्यांची खिचडी, जवळ्याची चटणी, वांगं घालून केलेलं सुकट ही घरीच करायची, खिडक्या उघड्या ठेवून. हॉटेलवाले याच्या फारसे वाटेला जात नाहीत आणि आपलं किती बुडतं हे त्यांना कळत नाही.

एरवी बाजारात गेलो की मी कोळीण मावशींवर सोपवतो. “दादा, नुसता चकाकतो म्हणून घेऊ नको, कल्ला उचलून बघ,” असं एका मावशींनीच सांगितलं होतं. कल्ला लालभडक हवा, डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, बोटानं दाबल्यावर मांस परत वर यायला हवं. असा बांगडा मिळाला तर त्याला वाटण बेताचंच लावावं आणि तिरफळं मात्र विसरू नयेत. तिरफळाची काळी बी काढून टाकायची, टरफलं जराशी ठेचायची आणि कालवण उकळत असताना वरून सोडायची. वाटली तर कालवण कडवट होतं. ताटात आलं तर चावायचं नाही, बाजूला काढायचं, नाहीतर जीभ बधिर होते.

सोलकढीच्या रंगावर जाऊ नये. कोकम भिजवून काढलेल्या पाण्यात नारळाचं दूध मिसळलं की फिकट गुलाबी, किंचित जांभळट रंग येतो. गडद गुलाबी पेला समोर आला की मी आधी विचारतो, यात बीट आहे का? घरी आगळ वापरत असाल तर मीठ शेवटी चाखून घाला, आगळात ते आधीच भरपूर असतं.

४. पांढऱ्या रश्श्याला घाई चालत नाही.

कोल्हापुरात तांबड्याची वाहवा होते, पण स्वयंपाक करणाऱ्याचा कस पांढऱ्यात लागतो असं माझं मत आहे. मटणाचं अळणी पाणी, तीळ-खसखस-काजूचं वाटण, खडा मसाला, लाल तिखट अजिबात नाही. नारळाचं दूध अगदी शेवटी, आच कमी करून, ढवळत. त्यानंतर खळखळून उकळी आली की रस्सा फुटला. हा पदार्थ घरी उत्तम होतो, कारण इथं शेगडीसमोरून न हलण्याला किंमत आहे.

५. नवा पदार्थ पहिल्यांदा पुस्तकातल्यासारखाच करावा.

कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि त्यांनी वाटी-चमच्याचं माप दिलं. प्रत्येक घरची वाटी वेगळी असली तरी सगळं त्याच वाटीनं मोजलं की प्रमाण सुटत नाही. लग्न होऊन परगावी गेलेल्या किती मुलींना या मापानं धीर दिला असेल! आपली अक्कल दुसऱ्या खेपेला चालवावी.

६. डोसा बाहेरच.

घरी आंबोळी, घावन करावेत. हॉटेलातल्या जाड लोखंडी पत्र्यात जी धग साठते, ती आपल्या तव्यात राहत नाही.

७. जेवण आवडलं तर आत जाऊन सांगावं.

कोल्हापूरकडच्या एका खानावळीत भाकरी इतकी मऊ होती की मी चुलीपर्यंत गेलो. भाकऱ्या थापणाऱ्या मावशी आधी लाजल्या, मग हात न थांबवता बोलू लागल्या. “पाणी उकळतं घ्यायचं, आणि पीठ लई दिस ठेवायचं न्हाई. विरी गेली की कुणाच्याबी हातानं भाकरी फाटतीच.” ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो उकळत्या पाण्यानं आणावा लागतो, आणि पीठ जुनं झालं की पाण्यानंही येत नाही. कडा चिरत नाहीत तोवर तळहातानं मळत राहायचं, थापल्यावर पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकायची आणि लगेच पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकायच्या आत उलटली की दुसऱ्या बाजूनं निखाऱ्यावर फुगते. आमच्या गिरणीवाल्या दादांना थोडकं दळण घ्यायला आवडत नाही, तरी मी ज्वारी आठवड्यापुरतीच नेतो.