शोध प्रयोगशाळेतून बाजारपेठेत : झेरॉक्स यंत्राच्या वाटचालीचा बोध

तहसील कचेरीचे आवार, न्यायालयाचा परिसर किंवा महाविद्यालयाचे प्रवेशद्वार यांच्या आसपास ‘झेरॉक्स’ अशी पाटी लावलेले दुकान नाही, असे तालुक्याचे गाव महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. सातबाराचा उतारा असो वा गुणपत्रिका, तिची ‘झेरॉक्स काढून आणा’ असे आपण सहज म्हणतो. एका अमेरिकन कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले आहे. मात्र ज्या शोधातून हे यंत्र जन्मास आले, तो शोध लागल्यापासून यंत्र कचेऱ्यांत पोहोचेपर्यंत दोन दशकांहून अधिक काळ लोटला. हा काळ कशात गेला, याचा अभ्यास नवे तंत्र घेऊन उद्योगात उतरू इच्छिणाऱ्या प्रत्येकास उपयुक्त ठरेल.

शोध व नवप्रवर्तन

प्रथम दोन संकल्पनांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. एखादी गोष्ट नव्या रीतीने करता येते हे सिद्ध करणे म्हणजे शोध. ती गोष्ट परवडणाऱ्या खर्चात, खात्रीपूर्वक आणि सातत्याने ग्राहकाच्या हाती देणे म्हणजे नवप्रवर्तन. शोधास बुद्धी, चिकाटी व एखादी छोटी प्रयोगशाळा पुरते. नवप्रवर्तनास भांडवल, उत्पादनव्यवस्था, विक्रीची रीत आणि देखभाल यांची जोड लागते. अनेक उत्तम शोध या दोहोंमधील वाटेवरच थांबतात.

वीसहून अधिक कंपन्यांचा नकार

चेस्टर कार्लसन हे न्यूयॉर्कमधील एका कंपनीच्या एकस्व, म्हणजेच पेटंट, विभागात काम करीत. कागदपत्रांच्या नकला करण्याचे काम किती कष्टाचे आहे, याचा त्यांना रोजचा अनुभव होता. ग्रंथालयात बसून त्यांनी विद्युत व प्रकाश यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास केला. काही पदार्थांवर प्रकाश पडताच त्यांची विद्युतवाहकता वाढते, या गुणधर्माचा उपयोग करण्याची कल्पना त्यांना सुचली. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरिया येथील एका खोलीत, ऑटो कॉर्नेई या साहाय्यकासह त्यांनी प्रयोग केला. गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी घासून तिच्यावर विद्युतभार निर्माण केला. अक्षरे लिहिलेली काच वर ठेवून तीव्र प्रकाश टाकला. प्रकाश पडलेल्या भागातील भार निघून गेला. अक्षरांच्या छायेतील भार कायम राहिला. त्यावर टाकलेली बारीक भुकटी तेवढ्याच भागाला चिकटली आणि ती मेणकागदावर उतरविता आली. कोरड्या पद्धतीने काढलेली ही पहिली नक्कल होय.

कार्लसन यांना १९४२ मध्ये एकस्व मिळाले. परंतु १९३९ ते १९४४ या काळात वीसहून अधिक कंपन्यांनी त्यांना नकार दिला. त्यांत आय. बी. एम. आणि जनरल इलेक्ट्रिक यांसारख्या बलाढ्य कंपन्याही होत्या. प्रयोगातील अस्पष्ट नकलेत भावी उद्योग पाहणे त्यांना जमले नाही.

मधला अवघड टप्पा

१९४४ मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस येथील बॅटेल या संशोधन संस्थेने हे काम हाती घेतले. मोबदल्यात भावी उत्पन्नातील मोठा वाटा संस्थेस द्यावा लागला. एकट्या संशोधकास न पेलणारे काम संस्थेत पुढे सरकले. गंधकाऐवजी सेलेनियमचा थर अधिक कार्यक्षम ठरला. तरीही उत्पादक मिळणे बाकी होते. रॉचेस्टर येथील हॅलॉइड ही छायाचित्रणाचा कागद तयार करणारी लहानशी कंपनी नव्या उत्पादनाच्या शोधात होती. तिचे संशोधनप्रमुख जॉन डेसॉअर यांच्या वाचनात १९४५ मध्ये या पद्धतीची संक्षिप्त माहिती आली. कंपनीचे प्रमुख जोसेफ विल्सन यांनी बॅटेलशी करार केला आणि १९४७ पासून विकासास प्रारंभ झाला.

१९४९ मध्ये आलेले पहिले यंत्र कचेऱ्यांत चालले नाही. एक नक्कल काढण्यासाठी हाताने अनेक क्रिया कराव्या लागत. मात्र ऑफसेट छपाईसाठी लागणारी मूळ प्रत तयार करण्यास तेच यंत्र उपयुक्त आढळले. या मर्यादित बाजारपेठेतून कंपनीस उत्पन्न आणि अनुभव दोन्ही मिळाले. १९४७ ते १९६० या अवधीत हॅलॉइडने या संशोधनावर सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्च केले. नेहमीच्या व्यवसायातून त्या काळात मिळालेल्या प्राप्तीच्या जवळजवळ दुप्पट ही रक्कम होती. उरलेला पैसा कर्ज व भागविक्री यांतून उभारावा लागला.

किंमत नव्हे, भाडे

१९५९ च्या सप्टेंबरमध्ये ‘९१४’ हे यंत्र जाहीर करण्यात आले. नऊ इंच रुंद व चौदा इंच लांब कागदाची नक्कल ते साध्या कागदावर काढीत असे, म्हणून हे नाव. यंत्र उत्तम होते. पण ते सुमारे तीनशे किलो वजनाचे व अतिशय महाग होते. त्या वेळी कचेऱ्यांत वापरली जाणारी नकलेची साधी उपकरणे सुमारे तीनशे डॉलरला मिळत आणि त्यांतून दिवसाला पंधरा-वीस नकला निघत. हीच गरज गृहीत धरून तज्ज्ञ सल्लागारांनी या यंत्राला कचेऱ्यांत फारसा वाव नाही, असे मत दिले होते.

हॅलॉइडने यंत्र विकण्याऐवजी भाड्याने देण्याचे ठरविले. दरमहा भाडे ९५ डॉलर. त्यात २,००० नकला समाविष्ट. त्यापुढील प्रत्येक नकलेस ४ सेंट. दुरुस्ती व देखभाल कंपनीकडे. ग्राहकास पसंत न पडल्यास पंधरा दिवसांच्या सूचनेने करार संपुष्टात आणता येई. नव्या वस्तूतील जोखीम अशा रीतीने ग्राहकाच्या शिरावरून उतरून उत्पादकाकडे आली. आणि नक्कल काढणे सोपे होताच गरजच वाढली. महिन्याला २,००० नकलांची मर्यादा ठरविली होती. पुष्कळ कचेऱ्यांत तेवढ्या नकला एका दिवसात निघू लागल्या. कंपनीची विक्री १९५९ मध्ये सुमारे ३.३ कोटी डॉलर होती. १९६६ मध्ये ती ५० कोटी डॉलरच्या वर गेली. १९६१ मध्ये कंपनीने ‘झेरॉक्स’ हे नाव धारण केले.

येथे मुख्य बोध आहे. यंत्र तेच, शोध तोच. परंतु मूल्य आकारण्याची रीत बदलल्याने बाजारपेठ निर्माण झाली. व्यवस्थापनातील कल्पकता ही प्रयोगशाळेतील कल्पकतेइतकीच मोलाची असते.

यशाची मर्यादा

या कथेस दुसरी बाजूही आहे. झेरॉक्सने १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे संशोधन केंद्र स्थापन केले. तेथे १९७३ मध्ये ‘आल्टो’ हा वैयक्तिक वापराचा संगणक तयार झाला. चित्रमय पडदा व हाताने फिरविण्याचा माउस ही त्याची वैशिष्ट्ये होती. केंद्रातील लेसर मुद्रणाच्या कामातून १९७७ मध्ये यशस्वी व्यापारी यंत्र निघाले, कारण ते कंपनीच्या परिचित व्यवसायाशी जुळणारे होते. संगणक मात्र त्या साच्यात बसत नव्हता. १९८१ मध्ये बाजारात आलेला ‘स्टार’ महाग ठरला, आणि त्या कल्पनांचा व्यापारी लाभ मुख्यतः इतरांनी घेतला. याच सुमारास जपानी कंपन्यांनी लहान, स्वस्त व कमी देखभालीची नक्कलयंत्रे विकण्यास सुरुवात केली. मोठी यंत्रे भाड्याने देण्यावर उभी असलेली विक्रीव्यवस्था त्यांस तोंड देण्यास अपुरी पडली. ज्या रीतीने यश दिले, तीच रीत पुढील शोधाच्या आड आली.

महाराष्ट्रातील दाखला

ग्राहकाची जोखीम व शंका हा प्रश्न परदेशापुरता नाही. बेळगाव येथे सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती; त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपण्यास दीर्घकाळ लागला. दोष नांगरात नव्हता. विश्वास निर्माण व्हावयाचा होता. तो निर्माण झाल्यावरच या उद्योगास गती आली आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीची स्थापना झाली.

उद्योजकांनी ध्यानात घ्यावयाच्या बाबी

आपल्या कारखान्यात वा शेतात नवे तंत्र विकसित करणाऱ्यांनी पुढील गोष्टींचा विचार करावा.

१. संरक्षण : तंत्र प्रसिद्ध करण्यापूर्वी एकस्वासाठी अर्ज करावा, आधी प्रसिद्धी झाल्यास नावीन्याचा हक्क धोक्यात येतो. प्रारंभी तात्पुरते विनिर्देशपत्र दाखल करून बारा महिन्यांच्या आत पूर्ण विनिर्देशपत्र देता येते. एकस्वाची मुदत अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे असते. महाराष्ट्र व गोव्यातील अर्जदारांसाठी एकस्व कार्यालय मुंबईत आहे.

२. सहयोग : प्रत्येक शोध स्वतःच निर्मावा असे नाही. राष्ट्रीय प्रयोगशाळांतील तंत्र परवान्याने उद्योगास मिळावे, या हेतूने १९५३ मध्ये राष्ट्रीय संशोधन विकास निगमाची स्थापना झाली. परवाना घेताना प्रायोगिक उत्पादनाचा खर्च कोण सोसणार, हे करारातच स्पष्ट असावे.

३. पहिली बाजारपेठ : सर्वांसाठी एकदम माल काढण्याऐवजी, आज ज्याची निकड आहे असा लहान ग्राहकवर्ग प्रथम शोधावा.

४. मूल्याची रीत : ग्राहकास एकरकमी किंमत परवडत नसेल, तर भाडे, हप्ते किंवा वापरानुसार आकारणी यांचा विचार करावा.

५. देखभाल : विक्रीनंतर यंत्र बंद पडून राहिले, तर एका ग्राहकाचे नव्हे, साऱ्या पंचक्रोशीचे मत बिघडते.

आपल्या राज्यात कुशल कारागीर, अभियंते व प्रयोगशील शेतकरी यांची वाण नाही. त्यांच्या कल्पकतेस हिशोबी नियोजनाची व सहनशील भांडवलाची जोड मिळाली, तर आज एखाद्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडून असलेले यंत्र उद्या अनेकांच्या उपजीविकेचे साधन होऊ शकेल.